जावा की सी शार्प? डिप्लोमाच्या पोरानं सुरुवात कशातून करावी

उद्यमनगर_कोपरा

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ कोल्हापुरातच कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. सी भाषा झाली आहे. लूप, अ‍ॅरे, फंक्शन लिहितो, पॉइंटरपाशी अडखळतो. आता सहा आठवडे मोकळे आहेत. जावा आणि सी शार्पचे प्रोग्राम शेजारी ठेवले तर मला तरी फरक कळत नाही. त्याला शेवटी गुळाच्या अडत दुकानासाठी पट्टी काढणारा प्रोग्राम करायचाय: वजन, दर, हमाली-तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, विंडोज १०. कुठली धरावी? आणि सी शार्प फक्त विंडोजवरच चालते ना?

रंकाळा_काठ

जावा. एमएसबीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) डिप्लोमात चौथ्या सेमिस्टरला ती येतेच, म्हणजे आत्ता घातलेले तास प्रॅक्टिकलला आणि तोंडी परीक्षेला कामी येतात.

जेडीके, म्हणजे जावा लिहून चालवायचा संच, १७ किंवा २१ घ्या, दोन्ही दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या आहेत. लॅबच्या मशीनवर जावा ८ असेल तर घरी २१ वर कंपाइल केलेली क्लास फाइल तिथं चालणार नाही. एररमध्ये ६५ आणि ५२ असे आकडे दिसतील. ६५ म्हणजे २१, ५२ म्हणजे ८. सोर्स फाइल न्यायची आणि तिथंच कंपाइल करायची.

नोटपॅडमध्ये लिहिणार असेल तर फाइलच्या नावामागं डॉट टीएक्सटी चिकटलं नाही ना, हे आधी बघा. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दिसू द्या. पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव तंतोतंत एक हवं, कॅपिटल-स्मॉलसकट.

इनपुट घेताना हमखास फसगत होते. आधी वजन नेक्स्टइंटनं (फक्त आकडा वाचणारी) घेतलं आणि लगेच शेतकऱ्याचं नाव नेक्स्टलाइननं (अख्खी ओळ वाचणारी), तर नाव रिकामं येतं. वजनानंतर दाबलेला एंटर तसाच पडून असतो, नेक्स्टलाइन तोच उचलते. सगळं नेक्स्टलाइननंच घ्या आणि आकड्यांचं पार्सइंटनं रूपांतर करा, म्हणजे हा घोळच राहत नाही.

आणि दोन नावं == नं ताडू नका. तिथं जावा मजकूर बघत नाही, दोन्ही एकच वस्तू आहे का ते बघते. कोडमध्येच लिहिलेल्या दोन सारख्या स्ट्रिंगवर उत्तर बरोबर येतं, कीबोर्डवरून आलेल्या नावावर तेच चुकतं. म्हणून पोरांना चूक सापडत नाही. मजकूर ताडणारी इक्वल्स वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

शाहूपुरी_गल्ली

परीक्षेचा मुद्दा मान्य. पण काम आहे काउंटरवरचं, प्रिंट काढायचं. त्याला सी शार्प सरळ पडते. विनफॉर्म्समध्ये (विंडोजवर खिडक्या-फॉर्म करायची सोय) बटणं, चौकटी ओढून ठेवल्या की फॉर्म उभा राहतो. == नं स्ट्रिंग ताडल्या तर मजकूरच ताडला जातो.

मुख्य म्हणजे पैसे. डबल या दशांश आकड्यांच्या प्रकारात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, दोन्ही भाषांत. सी शार्पमध्ये डेसिमल हा प्रकार भाषेतच आहे, फक्त आकड्यामागं एम लावायचा, नाहीतर ४२००.५० ला डबल समजून कंपाइलर अडवतो. जावात त्यासाठी बिगडेसिमल, तोही स्ट्रिंगमधून बनवायचा, कारण डबलमधून बनवला की डबलची चूकही आत येते. शिवाय त्याच्या इक्वल्सला २.० आणि २.०० वेगळे वाटतात, तिथं कंपेअरटू लागतं. नवख्याला हे जड जातं.

सी शार्पचाही एक काटा सांगतो. आकडा पूर्णांकात आणणाऱ्या मॅथ राउंडला ५२.५० दिले तर ५३ नाही, ५२ येतात. बरोबर मध्यावरचा आकडा तो सम संख्येकडे नेतो. दुकानात हे चालायचं नाही. मिडपॉइंटराउंडिंगचा अवेफ्रॉमझिरो हा पर्याय द्यावा लागतो.

फक्त विंडोज, हे आता खरं नाही. २०१६ ला डॉटनेट कोअर (सी शार्पचे प्रोग्राम चालवणारी प्रणाली) आलं तेव्हापासून लिनक्स आणि मॅकवरही चालते. विनफॉर्म्स मात्र विंडोजचंच. ४ जीबीवर व्हिज्युअल स्टुडिओ रेंगाळेल. पहिला महिना डॉटनेट एसडीके (सी शार्पचा संच) आणि व्हीएस कोड हा हलका एडिटर पुरे. कमांड प्रॉम्प्टवर नवा फोल्डर करून 'डॉटनेट न्यू कन्सोल', मग 'डॉटनेट रन'. तयार फाइलमध्ये मेन फंक्शन दिसणार नाही. डॉटनेट ६ पासून तयार फाइल त्याच्याशिवायच येते आणि तशीच चालते. जुन्या व्हिडिओत दिसतं, इथं का नाही, म्हणून घाबरायला नको.

उद्यमनगर_कोपरा

आभार दोघांचेही. त्यानं जावात पहिली पट्टी लिहिली. वजन १२५० किलो, दर क्विंटलला ४२०० धरला. ५२,५०० यायला हवेत, येतात ५०,४००. सी शार्पमध्ये बरोबर आलं असतं का?

गोकुळ_शिरगाव

नाही, तिथंही ५०,४००च. १२५० ला १०० नं भागताना दोन्ही पूर्णांक आहेत म्हणून उत्तर १२, वरचे ५० किलो गेले आणि शेतकऱ्याचे २१०० रुपये बुडाले. सीमध्येही हेच होतं, त्यानं तिथं पाहिलं असेल. आधी दरानं गुणा, मग १०० नं भागा.

पुढचा खड्डाही सांगून ठेवतो. दशांश टाळायला वजन ग्रॅममध्ये आणि दर पैशांत ठेवला, तर १२,५०,००० गुणिले ४,२०,००० हा गुणाकार इंट या पूर्णांक प्रकाराच्या २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेबाहेर जातो. दोन्ही भाषा गप्प राहतात. १,००,००० नं भागल्यावर पट्टीवर १०१ रुपये ३९ पैसे उमटतील. आकडा ऋण नाही, एरर नाही, म्हणून लवकर लक्षातही येत नाही. लाँग हा मोठा पूर्णांक प्रकार वापरा. जावात मॅथ मल्टिप्लायएक्झॅक्ट आणि सी शार्पमध्ये चेक्ड लावलं की मर्यादा ओलांडताच प्रोग्राम थांबतो.

माझं मत: हे सहा आठवडे जावाच, कन्सोलवर, हिशोब पक्का होईपर्यंत. क्लास, इंटरफेस, एक्सेप्शन दोन्हीकडं जवळपास एकच असल्यामुळं नंतर तो हिशोब सी शार्पच्या फॉर्ममध्ये नेणं फार अवघड नाही. नेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा: जावाचा बाइट उणे १२८ ते १२७, सी शार्पचा ० ते २५५. जावात मेथड आपोआप ओव्हरराइड होते, सी शार्पमध्ये व्हर्च्युअल आणि ओव्हरराइड दोन्ही लिहावं लागतं. एकाच वेळी दोन्ही शिकायला बसू नये, इक्वल्स आणि == चा गोंधळ कायमचा बसतो.

आणि फॉर्म करायच्या आधी दुकानातलं मशीन बघून या. अजून विंडोज ७ असेल तर डॉटनेट ८ त्यावर चालणार नाही, जुन्या डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर करावं लागेल, सर्व्हिस पॅक १ घातलेला असेल तर. व्हिज्युअल स्टुडिओत नवा प्रोजेक्ट घेताना नावापुढं कंसात 'डॉटनेट फ्रेमवर्क' लिहिलेला साचा निवडायचा. दोन्ही साचे शेजारी शेजारी असतात, चुकीचा उचलला तर सगळं परत करावं लागतं.