द्राक्षाच्या लिखाणात वाचकाला नेमकं काय हवं असतं?

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे, थोडी थॉमसन, थोडी सोनाका जातीची. शेतात जे करतो ते काही वर्षांपासून ऑनलाइन लिहितो. आधी गावातली पोरं आणि पाव्हणेरावळेच वाचायचे. आता निफाड, चांदवड, पार तासगावपर्यंत वाचक आहेत, म्हणून हा प्रश्न मनावर घेतलाय.

माझं लिखाण दोन प्रकारचं. एक म्हणजे पावसाचा अंदाज, थंडी आणि आजचा भाव. हे टाकलं की तासाभरात धडाधड उघडलं जातं. दुसरं म्हणजे माझ्या प्लॉटची रोजनिशी: छाटणी कधी घेतली, काडीवरचे डोळे फुटायला पेस्ट कधी लावली, ते एकसारखे फुटले का, फेल म्हणजे जादा फुटवे कधी काढले, डाऊनी या बुरशीरोगाचा पहिला ठिपका कोणत्या ओळीत दिसला. हे उघडणारे त्या मानाने फार कमी.

पण फोन येतात ते रोजनिशीवरच. मागच्या हंगामात बाग दोड्यात, म्हणजे घड फुलायच्या आधीच्या अवस्थेत, असताना पाऊस झाला. पाऊस थांबल्यावर तारा हलवून घडातलं पाणी झटकलं, उजाडल्यावर पानं उलटी करून बघत ओळीओळीतून फिरलो, कुठे फवारा घेतला आणि कुठे थांबलो, एवढंच लिहिलं होतं. बऱ्याच दिवसांनी उगावच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "दादा, तेव्हा तुमची बाग किती दिवसांची होती?"

धाकटा भाऊ म्हणतो, लोकांना भाव पाहिजे तर भावच लिही. मला ते पटत नाही, पण आकडे त्याच्या बाजूचे आहेत. लिहायला वेळ मिळतो तो रात्री जेवणं झाल्यावर, त्यात दोन्ही धड होत नाही. वाचकाला कशाचं मोल वाटतं हे ओळखायचं कसं? आणि ओळखलं तर ते जास्त कसं द्यायचं?

ओझरकर

दादा, मी तुमचा वाचक आहे, म्हणून वाचक म्हणूनच सांगतो. पावसाचा अंदाज मला दहा ठिकाणी मिळतो. तुमचा वाचतो, कारण तो समोर येतो. रोजनिशी मात्र मी शोधत येतो आणि ती मला सापडत नाही.

तुमची छाटणी सप्टेंबरच्या शेवटी असते, माझी १० ऑक्टोबरच्या पुढे. म्हणजे तुम्ही आज जे लिहिता ते मला दोन आठवड्यांनी लागतं. तोवर ते खाली गेलेलं असतं. वर तारीख असते २५ ऑक्टोबर, पण ती बाग त्या दिवशी छाटणीपासून २८ दिवसांची होती की ३२, हे मी बोटं मोजून काढतो. आम्ही एकमेकांना भेटलो की तारीख विचारत नाही. "किती दिवसांचा झाला प्लॉट?" हेच विचारतो. मथळ्यात दिवस टाका. उगाववाल्याने फोन करून तेच विचारलं ना!

गंगापूररोड

ओझरकरांनी लाखमोलाचं सांगितलं. त्यात भर घालते.

मी नाशिकमधल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत सभासदांसाठी माहिती लिहिते. द्राक्ष, कांदा, टोमॅटो, सगळंच. दादा, तुमचा भाऊ जे आकडे दाखवतोय ते खोटे नाहीत, पण ते उघडण्याचे आकडे आहेत. भाव बघायला माणूस येतो, एक आकडा बघतो आणि जातो. भेटी मोजणाऱ्या गुगल अॅनालिटिक्समध्ये १० सेकंदांपेक्षा जास्त थांबलेली भेटसुद्धा 'गुंतलेली' धरतात, त्यामुळे नुसत्या त्या टक्केवारीवरही जाऊ नका. त्यातच खाली 'स्क्रोल' नावाची नोंद असते. वाचक पानाच्या ९० टक्के खोलीपर्यंत पोचला तरच ती पडते. तुमच्या बाजारभावाच्या लेखांची आणि रोजनिशीची ही नोंद शेजारी शेजारी ठेवून बघा. बाजारभावाचे लेख लहान असतात, तिथे खाली पोचणं सोपं. लांबलचक रोजनिशीच्या तळापर्यंत जर माणसं जात असतील तर ती काहीतरी शोधत आहेत.

दुसरी जागा गुगलचं सर्च कन्सोल. लोकांनी काय टाइप केल्यावर तुमचं पान समोर आलं, ते तिथे शब्दशः दिसतं, आणि १६ महिन्यांपर्यंतची माहिती राहते. म्हणजे मागच्या छाटणीपासून या छाटणीपर्यंतचा अख्खा हंगाम तुमच्यासमोर येतो. देवनागरीत शोधलेलं आणि इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलेलं, दोन्ही वाचा. आमच्याकडे द्राक्षाच्या शोधांत आकडा आणि 'दिवस' हा शब्द सतत येतो. लोक '४० दिवस फवारणी' शोधतात, 'ऑक्टोबर फवारणी' फारसं कुणी शोधत नाही.

व्हॉट्सअॅपवरून पुढे गेलेली लिंक बहुतेक वेळा 'डायरेक्ट' म्हणून मोजली जाते. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एखादा लेख फिरत असेल तर त्या रकान्यात अचानक उंचवटा दिसेल. पुढे पाठवणं ही मोठी खूण आहे. माणूस आपल्या ग्रुपवर जे टाकतो त्याची जबाबदारी घेतो. उद्या फवारा फसला तर चार जण त्यालाच विचारणार असतात.

तरी हे सगळं एकीकडे आणि तुमचे फोन एकीकडे. त्यासाठी एक वही करा. आलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा, शेजारी त्याचा गाव आणि प्लॉटचे दिवस. तुमच्या भाषेत नीटनेटका करून लिहू नका. "घड जिरले हो सगळे" असं कुणी म्हणालं तर तेच लिहा, कारण उद्या दुसरा माणूस तेच शब्द टाइप करणार आहे. आणि फोनवर "लेख आवडला का" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. "वाचून काय केलंत?" असं विचारा. कुणी सांगेल, तुमचं वाचून डोळ्यात घड आहे का ते बघायला काडी तपासायला दिली. कुणी सांगेल, फवारा पुढे ढकलला. कुणी नुसतंच "छान असतं" म्हणेल. पहिल्या दोघांनी जे वाचलं ते वाढवा.

आता वाढवायचं म्हणजे काय, तर संख्या वाढवणं नव्हे, हे मला कळकळीने सांगायचंय. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा विभागवार सल्ला हवामानासकट येतच असतो. कोणतं औषध, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, युरोपला माल पाठवायचा तर अवशेषांची मर्यादा काय, हे तिथूनच घ्यावं. तुम्ही ते पुन्हा लिहून वाचकाला काही नवं मिळत नाही. आणि नकलताना एक आकडा चुकला तर त्याचा कंटेनर अडकेल. तुमच्याकडे जे आहे ते त्या सल्ल्यात येऊच शकत नाही: तो सल्ला तुमच्या मातीत, तुमच्या उताराच्या रानात पाळला तेव्हा पुढे काय झालं. फवाऱ्यानंतर पाच दिवसांनी त्याच ओळीत परत जाऊन जे दिसलं ते लिहा. बहुतेक लिहिणारे उपाय सांगून मोकळे होतात, परत कुणी फिरकत नाही. वाचक मात्र त्या 'पुढे काय झालं'साठी अडून बसलेला असतो.

मजुरीबद्दलही लिहा. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळीला विरळणीचा एकरी काय दर ठरला, डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवायला, किती माणसं लागली, काम किती दिवसांत उरकलं. याची नोंद कुठेच नीट मिळत नाही आणि हंगामाच्या तोंडावर घरोघरी हाच विषय असतो.

बागलाणी

ताईंचं बाकी सगळं मान्य, पण बाजारभावाला कमी लेखू नका. आमच्या सटाण्याकडे अर्ली छाटणी होते. तुमच्या बागा फुलोऱ्यात असतात तेव्हा आमचा माल काढणीकडे निघालेला असतो. त्या पंधरा-वीस दिवसांत भाव कळला नाही तर वर्ष जातं.

फक्त नुसता आकडा लिहू नका. "आज अमुक रुपये किलो" यावरून मला काहीच ठरवता येत नाही. कोणती व्हरायटी, मणी किती एमएमचा, ब्रिक्स म्हणजे गोडी किती, माल लोकलला गेला की एक्स्पोर्टला, बागेवरचा सौदा की मार्केटला नेलेला माल, आणि पैसे रोख की उधार. उधारीचा चढा भाव आणि रोखीचा उतरता भाव यात मी डोळे झाकून रोखीचा घेईन. पैसे न देता गायब होणाऱ्या व्यापाऱ्यांनी आमच्या भागात घरं बुडवली आहेत. भावासोबत एवढं लिहा, मग तोही लेख लोक जपून ठेवतील. इसार किती घेतला, सौदा कागदावर केला की तोंडी, हे जर कुणी मोकळेपणाने लिहिलं तर माझ्यासारख्याला त्याचं मोल फवारणीच्या लेखाइतकंच आहे.

निफाडची सून

मी तुमचे लेख सासऱ्यांना वाचून दाखवते. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण बागेचे निर्णय अजून तेच घेतात. एकच विनंती, फोटो जरा जवळून काढत जा. डाऊनीचा फोटो पानाच्या मागच्या बाजूचा हवा, पांढरी बुरशी दिसेल असा. वरून काढलेल्या फोटोत नुसता पिवळा डाग दिसतो. तो बघून मी त्यांना सांगते आणि ते म्हणतात, "पान उलटं कर की." मोबाइलवर पान उलटं कसं करणार? मागच्या थंडीत तुम्ही पिंक बेरीचा फोटो टाकला होता, एकाच घडातले हिरवे आणि गुलाबी मणी शेजारी शेजारी. तो मी मोठा करून त्यांच्या डोळ्यांजवळ धरला, त्यांनी लगेच ओळखलं आणि आमच्या बागेतल्या घडांना पेपर लावायचं त्याच दिवशी ठरलं.

कादवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ओझरकर, तुमचं वाचल्यावर जुन्या रोजनिश्या उघडून बसलो. छाटणीची तारीख माझ्या वहीत आहेच, तेव्हा प्रत्येक लेखाच्या मथळ्यात दिवस घालतोय: 'थॉमसन, ३५वा दिवस, दोडा, पाऊस झालेला' असं. खालून वर दिवसांच्या क्रमाने एक यादीही करतोय. मग सटाण्याचा माणूस ऑगस्टमध्ये आला काय आणि उशिरा छाटणी घेणारा नोव्हेंबरमध्ये आला काय, दोघांना आपापला दिवस सापडेल.

ताई, वही आजच घातली. स्क्रोलची नोंद धाकट्या भावालाच काढायला सांगितली आहे, त्याचा हात त्यात बसलेला आहे. बागलाणीभाऊ, भाव लिहीन, पण आठवड्यातून एकदाच आणि तुम्ही सांगितलेल्या सगळ्या रकान्यांसकट. माझ्या स्वतःच्या सौद्याचा इसारही लिहीन. रोजचा भाव बंद. पावसाचा अंदाजही बंद, त्याऐवजी पाऊस पडून गेल्यावर बागेत काय दिसलं ते लिहीन.

वहिनी, मागच्या बाजूचे फोटो नक्की. तुमच्या सासऱ्यांना एक विचाराल का? एप्रिल छाटणीनंतर ढगाळ हवा राहिली तर घडनिर्मितीवर परिणाम होतो, हे आम्ही सगळेच म्हणतो. त्यांनी अशा वर्षी सबकेन (शेंडा खुडून काढलेली उपकाडी) किती पानांवर केली होती आणि पुढे फळछाटणीत घड कसे निघाले, हे त्यांना आठवत असेल तर मला त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचंय. फोनवर सांगितलं तरी चालेल, संध्याकाळी सातनंतर मी मोकळा असतो.