व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: आई 68 ची, लेक 9 ची. ऑगस्टमध्ये जमेल का?

वडगावकर

नमस्कार मंडळी. 15 ऑगस्टच्या जोडून सुट्ट्यांत सहकुटुंब उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचं घाटतंय. आम्ही चौघं: मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि 68 वर्षांची आई. लेक सिंहगड न कुरकुरता चढते. आई रोज सकाळी तळजाईला तासभर चालते, पण उतारावर तिचा डावा गुडघा बोलतो. तिला मुळात हेमकुंड (तिथला उंचावरचा शीख गुरुद्वारा) आणि बद्रीनाथ करायचंय, फुलांची हौस आमची.

एका ट्रॅव्हलवाल्याने दिलेला कार्यक्रम असा: पहिल्या दिवशी हरिद्वार ते जोशीमठ, दुसऱ्या दिवशी घांगरिया (व्हॅली आणि हेमकुंडच्या पायथ्याचं मुक्कामाचं गाव), तिसऱ्या दिवशी हेमकुंड, चौथ्या दिवशी व्हॅली बघून त्याच दिवशी खाली गोविंदघाट, पाचव्या दिवशी बद्रीनाथ, सहाव्या दिवशी हरिद्वार आणि रात्रीची गाडी. "सगळे असंच करतात" म्हणतो. खरंच करतात का? आईला घोडा करावा की कंडी (हमालाच्या पाठीवरची बसायची टोपली)? आणि धाकटा भाऊ म्हणतोय, फुलंच बघायचीत तर साताऱ्याला कास आहे की, एवढा खटाटोप कशाला. त्यालाही उत्तर द्यायचंय.

सदाफुली

वडगावकर, जमेल. पण या कार्यक्रमात नाही. आणि चौघांनी सगळं करायलाच हवं हा हट्ट पुण्यातच सोडून निघा.

आम्ही गेलो तेव्हा बरोबर आमचे हे (गुडघे शाबूत, स्वभाव घाईचा), सून, नातू आणि विहीणबाई. विहीणबाई साधारण तुमच्या आईंच्याच वयाच्या, म्हणून सविस्तर लिहिते.

लोक व्हॅलीची धास्ती घेतात, पण कस लागतो तो घांगरियाला पोचताना. गोविंदघाटाहून पुलनापर्यंत चारेक किलोमीटर जीप जाते. तिथून पुढे नऊ-दहा किलोमीटर पायी, आणि चढ जवळजवळ हजार मीटरचा. वाट दगडांनी बांधलेली आहे, लक्ष्मणगंगा शेजारून धावत असते, चहाच्या टपऱ्या लागतात, चुकायची भीती नाही. त्रास देतात ते ओले दगड, त्यावरची लीद आणि वरून खाली येणाऱ्या खेचरांच्या रांगा. एक गोष्ट लेकीला घरातूनच पढवून न्या: खेचरं आली की डोंगराच्या अंगाला चिकटून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही. पाठीवरच्या सिलिंडरचा नुसता धक्का लागला तरी तोल जातो. सकाळी सातला पुलना सोडलंत तर आईंच्या चालीनेही दुपारी दोन-तीनपर्यंत घांगरिया येईल.

घांगरिया तीन हजार मीटरच्या वर आहे. म्हणजे तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच हेमकुंडला, सव्वाचार हजार मीटरवर, 68 वर्षांच्या बाईंना चढवायचं हे त्या ट्रॅव्हलवाल्याचं गणित मला पटत नाही. क्रम उलटा करा. आधी व्हॅली, मग हेमकुंड, आणि मध्ये किंवा शेवटी एक दिवस मोकळा. घांगरियाला निदान तीन मुक्काम, चार मिळाले तर सोन्याहून पिवळं. पाऊस दिवसभर झोडपतो, वाट बंद करतात, असंही होतं. तेव्हा तो मोकळा दिवस उपयोगी पडतो.

आता व्हॅली. नॅशनल पार्क असल्यामुळे आत घोडे-खेचरं नाहीत. चालायचं नाहीतर कंडीत बसायचं. गेटनंतर वाट पुष्पावती नदीवरच्या पुलापर्यंत उतरते आणि पुलापलीकडे भूर्जपत्राच्या झाडांतून खडी चढण लागते. दमवणारा भाग तेवढाच. ती संपली की दरी उघडते आणि पुढे जवळपास सपाटीच. आमच्या विहीणबाईंनी कंडी बघूनच हात जोडले. "माणसाच्या पाठीवर बसून फुलं बघायला जायचं? मला नाही घशाखाली उतरणार." सुनेने मग तोडगा काढला. कंडीवाला ठरलेल्या पूर्ण मजुरीवर घेतला, कंडीत सगळ्यांचे रेनकोट, डबे, पाण्याच्या बाटल्या टाकल्या, आणि त्याचा रिकामा हात विहीणबाईंना दिला. नेपाळचा पोरगा होता, विशीतला. ओल्या दगडावर पाऊल आडवं कसं टाकायचं हे त्याने त्यांना असं शिकवलं की परत येताना त्या आमच्या यांना शिकवत होत्या. त्यांना चढणीला अडीच तास लागले. लागू देत. गेटवर दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यावं लागतं, तेव्हा सकाळी गेट उघडताना हजर राहा.

आणि तुमच्या भावाला सांगा, मी कासचीही भक्त आहे. पण कासला सड्यावरच्या इंचभर मातीत उगवलेली फुलं आपण वाकून, उकिडवं बसून बघतो. इथे तेरडा माझ्या खांद्याच्या वर होता. हो, तेरडाच, आपल्या तेरड्याचा हिमालयातला भाऊबंद. नातवाने पिकलेली शेंग चिमटीत धरली, ती फट्‌कन फुटून बिया त्याच्या चष्म्यावर उडाल्या, आणि मग पुढचा अर्धा तास आम्ही कोणीच पुढे सरकलो नाही. पावसाळ्याच्या तोंडाला सह्याद्रीत सापकांदा दिसतो ना, फणा काढल्यासारखा? त्याचीही भावंडं इथे झाडांच्या सावलीत आहेत. निळी पॉपी मात्र नशिबाने दिसते. खडकांच्या आडोशाला शोधायची, देठावर काटे असतात आणि पाकळ्यांचा निळा फोटोत येत नाही.

एक गोष्ट गाइड आपणहून सांगत नाहीत. तुम्हाला मोठाले पट्टेच्या पट्टे एकाच पांढुरक्या फुलांच्या झुडपाचे दिसतील. स्थानिक लोक त्याला अमेला म्हणतात. 1982 मध्ये पार्क झाला, मग गुरं-मेंढ्या चारणं बंद झालं, आणि त्यानंतर हे इतकं माजलं की वनखातं दरवर्षी माणसं लावून उपटतं. चराई बंद केली हे बरोबर की चूक यावर तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलून बघा, चहा थंड होईल पण गोष्ट संपायची नाही.

सपाटीवर आणखी पुढे जोन मार्गारेट लेग यांची कबर आहे. विलायतेहून झाडांचे नमुने गोळा करायला आल्या होत्या, 1939 मध्ये इथेच घसरून गेल्या. आईंना तिथवर नेऊ नका. पहिल्या सपाटीवर धोंडा बघून बसवा, शेजारी तुमच्या मिसेस बसतील. तुम्ही आणि लेक जाऊन या.

घाटरस्ता

सदाफुलीताईंनी वरचं सगळं सांगितलंय, मी रस्त्याचं सांगतो. ऋषिकेश ते गोविंदघाट पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. कागदावर दहा तास. ऑगस्टमध्ये कागद बाजूला ठेवा. दरड कुठे आणि किती वेळ अडवेल हे कुणाच्या हातात नसतं, आणि रात्री या रस्त्यावर वाहनं सोडत नाहीत. म्हातारं माणूस आणि मूल बरोबर असताना एका दमात जोशीमठ नको. जाताना पिपळकोटीला मुक्काम करा. सकाळी ताजेतवाने निघून गोविंदघाट गाठा, तिथे किंवा पुलनाला राहा, चढण तिसऱ्या दिवशी.

परतीला हरिद्वारची गाडी किंवा डेहराडूनचं विमान गाठायच्या आधी एक अख्खा दिवस हातात ठेवा. सहाव्या दिवशी बद्रीनाथहून निघून रात्रीची गाडी पकडणं म्हणजे जुगार. आणि जोडून सुट्ट्या असतील तर दिल्लीपासूनची सगळी गर्दी याच रस्त्यावर असते. तारीख हलवता आली तर हलवा.

बद्रीनाथ आणि हेमकुंडसाठी उत्तराखंड पर्यटनाच्या पोर्टलवर आधी नोंदणी लागते. व्हॅलीचा परवाना वेगळा. घांगरियात रोख पैसे न्या, वर ऑनलाइनच्या भरवशावर राहू नका. गोविंदघाट-घांगरिया हेलिकॉप्टर आहे, पण पावसाळी ढगांत ते उडेल असं धरून कार्यक्रम आखू नका. रोपवेचं विचाराल तर मार्च 2025 मध्ये हेमकुंडपर्यंतच्या 12.4 किलोमीटरच्या रोपवेला केंद्राची मंजुरी मिळालीय. तो होईल तेव्हा होईल.

कुसुंबी

माझं मत थोडं वेगळं. ऑगस्टऐवजी सप्टेंबरचा पहिला आठवडा घ्या. फुलं कमी झालेली असतात हे मान्य, पण पाऊस ओसरायला लागतो, रस्ते त्यातल्या त्यात बरे असतात आणि शिखरं तरी दिसतात. आम्ही भर ऑगस्टमध्ये गेलो आणि समोर हिमनदी आहे हे पोस्टकार्डावर बघितलं.

सदाफुली

कुसुंबी, शिखरांसाठी जायचं तर बरोबर आहे. पण लहान मूल तेरड्याच्या रानातून चालतंय ही मजा सप्टेंबरात पिवळी पडायला लागते. मधला मार्ग: ऑगस्टचा शेवटचा आठवडा. सुट्ट्यांची गर्दीही टळते. शाळा चार दिवस बुडू दे हो, चौथीत आहे ती.

वडगावकर

सर्वांचे मनापासून आभार. शाळा बुडवायची कल्पना लेकीने वाचली, आता माघार नाही. ऑगस्टचा शेवटचा आठवडा नक्की करतोय, घांगरियाला चार मुक्काम, परतीला एक दिवस राखीव. त्या ट्रॅव्हलवाल्याला "नको" म्हणून कळवलं.

आईचे तीन प्रश्न, तिच्याच शब्दांत: "हेमकुंडाला मला घोडा मिळेल का, मी उतरताना पडणार तर नाही ना, आणि व्हॅलीत ब्रह्मकमळ दिसेल का? आमच्या गॅलरीत आहे, पण खरं बघायचंय."

सदाफुली

आईंना नमस्कार सांगा.

घोडा मिळेल. हेमकुंडाची वाट घांगरियापासून सहाएक किलोमीटर, पण चढ हजार मीटरच्या वर. घोडा ठरवताना दरफलक बघून ठरवा आणि हाकणारा लगाम धरून सोबत चालणार ना हे आधी विचारा. चढताना पुढे झुकायचं, उतरताना मागे रेलायचं, पाय रिकिबीत घट्ट. उतारावर घोड्यावर भीती वाटते हे खरं, पण त्यांच्या गुडघ्यासाठी तोच पर्याय बरा. चालायचंच म्हणाल्या तर दोन काठ्या (गोविंदघाटला मिळतात) आणि गुडघ्याला पट्टा. वर हजाराहून जास्त पायऱ्यांचा शॉर्टकट आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. छत्र्या घरीच ठेवा, अचानक उघडली की खेचर बुजतं.

दुपारी वरून सगळ्यांना खाली पाठवतात, राहायची सोय नाही. म्हणून पहाटे निघा. वर गुरुद्वारात गरम खिचडी आणि चहा मिळतो. गारठलेल्या बोटांनी तो पेला धरला की बरं वाटतं. शेजारीच लक्ष्मणाचं छोटं देऊळ आहे, आईंना दाखवा. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं किंवा बडबडी लेक गप्प झाली तर वर जायचं नाही, तिथूनच मागे फिरायचं. कितीही जवळ आलेलं असलं तरी. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, आईंची बीपीची औषधं चालू असतील तर नक्कीच.

ब्रह्मकमळ व्हॅलीच्या वाटेवर बहुतेक नाही दिसणार. ते उंचावरचं, हेमकुंडाच्या शेवटच्या टप्प्यात खडकांमध्ये असतं, आणि ऑगस्टअखेर हा त्याचा मोसम. गॅलरीतलं आपलं पांढरं, रात्री फुलणारं, ते मूळचं अमेरिकेकडचं निवडुंग. खऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही: फिकट पिवळसर कागदी पानांची ओंजळ, आत जांभळट फुलांचा गुच्छ, आणि वास उग्र. आमच्या विहीणबाईंचा चेहरा बघून मला हसू आवरेना, त्यांना सुगंध अपेक्षित होता. तोडू मात्र नका.

वडगावकर

आई म्हणते, वास उग्र असला तरी चालेल. आणि विचारतेय, मेतकूट न्यावं का.

सदाफुली

न्यावं. राजमा आणि आलू पराठे यांना तिसऱ्या दिवशी तोंड विटतं, भात मात्र कुठेही गरम मिळतो. थोडं जास्तच घ्या, आमच्या कंडीवाल्याने दोनदा मागून घेतलं होतं.