बार्तोजेय्स्का हे पोलिश आडनाव कुठलं? वळिवड्याच्या कॅम्पमधलं एक पुस्तक घरात आहे

औसा_तालुका:
नमस्कार मंडळी. वंशावळ आणि आडनावांचे धागे इथं नेहमी वाचतो, आज पहिल्यांदा स्वतः विचारायलोय. आमचे आजोबा, सगळं गाव त्यांना बापू म्हणायचं, शिकायला कोल्हापूरला होते. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य आणि शिक्षण उर्दूतून, मराठीतून शिकायचं म्हणलं की सोलापूर नाहीतर पुणे-कोल्हापूर गाठावं लागायचं. बोर्डिंगमध्ये राहायचे आणि खर्च भागवायला एका भाजीच्या व्यापाऱ्याकडं हिशोब लिहायचे, त्या व्यापाऱ्याचा माल वळिवड्याच्या पोलिश लोकांच्या कॅम्पला जायचा. तिथं माल मोजून घ्यायला एक बाई असायच्या, त्यांनी बापूंकडून पाव, अर्धा, पाऊण, सव्वा असं सगळं मराठी मोजमाप शिकून घेतलं होतं म्हणे, आणि जाताना त्यांनी बापूंना एक पोलिश प्रार्थनेचं पुस्तक दिलं. तळहाताएवढं आहे, काळं कापडी बाइंडिंग. बापूंनी ते शेवटपर्यंत देवघराच्या फळीवर ठेवलं, आता माझ्याकडं आहे.

आत पहिल्या पानावर जांभळ्या शाईत आडनाव आहे, स्पेलिंग असं: बी ए आर टी ओ डी झेड आय ई जे एस के ए. त्याच्यापुढं यू आर, १९१४, आणि एक गाव, आर, ओ वर तिरकी रेघ, डब्ल्यू, एन, ई. खाली वळिवडे १९४६. एवढंच.

मला विचारायचंय की हे आडनाव नेमकं कुठलं, पोलंडमध्ये असे किती लोक असतील, आणि त्या बाईंच्या घरच्यांपर्यंत पोचता येईल का. फेसबुकवर या आडनावाची चार-दोन माणसं दिसली, आडनाव इतकं कमी आहे तर सगळी एकाच घरातली असतील ना? सरळ मेसेज करू का?

परभणीकर_पोलंडात:
दादा, आधी ते पुस्तक नीट जपून ठेवा. मी इथं व्रोत्स्वाफला नोकरीला आहे, आडनावांचा नाद आधीपासूनच आहे, त्यामुळं जरा लांबण लागेल.

उच्चार बार्तोजेय्स्का. पुरुष असेल तर बार्तोजेय्स्की, बाई असेल तर शेवटी का, आडनाव एकच. शोधताना दोन्ही टाका, नाहीतर अर्धं घर सुटतं. आणि जुन्या कागदात वाक्यात आलं की शेवट अजून बदलतो, 'बार्तोजेय्स्कीची मुलगी' म्हणायचं असेल तर बार्तोजेय्स्क्येगो असं काहीतरी दिसतं. म्हणून सर्चमध्ये पहिली सात-आठ अक्षरंच टाकायची.

शेवटचं स्की म्हणजे बहुतेक वेळा आपलं 'कर', त्या गावचा. सुरवातीला हे जमीनदार सरदार लोकांचं असायचं, ज्याची जहागीर त्या गावचं नाव, पुढं शहरातले लोक आणि शेतकरी पण लावायला लागले. म्हणून स्की दिसलं की लगेच राजघराणं समजू नका, नेटवर वंशचिन्हं विकणारे लई बसलेत.

आता गाव कोणतं तर बार्तोज्ये. बार्तोजेय म्हणजे जंगलात झाडाच्या जिवंत खोडात मधमाश्यांसाठी पोकळी कोरणारा माणूस. उंच पाइन नाहीतर ओक घ्यायचा, दोरानं वर चढायचं, बऱ्याच उंचीवर खोडात कोनाडा कोरायचा, वर फळी लावायची. त्या पोकळीला बार्च म्हणतात. झाडावर मालकाची खूण कोरलेली असायची, दुसऱ्याच्या झाडाला हात लावला तर शिक्षा कडक. मध आणि मेण दोन्ही राजाकडं आणि चर्चकडं जायचं, मेणबत्त्यांना मेण किती लागायचं विचार करा. १९ व्या शतकात जंगलखात्यांनी हा धंदा बंद पाडत आणला, पण २०२० मध्ये युनेस्कोनं पोलंड आणि बेलारूसची ही कला वारशाच्या यादीत घेतली आणि आता काही जण परत झाडं कोरायलेत.

जुन्या प्यास्त राजांच्या, म्हणजे पोलंडच्या पहिल्या राजघराण्याच्या काळात अख्खी गावंच एकेका कामाला नेमलेली असायची आणि गावाला नाव त्या कामाचं. प्येकारी म्हणजे पाव भाजणाऱ्यांचं, श्चित्निकी म्हणजे ढाली करणाऱ्यांचं, सोकोल्निकी म्हणजे ससाणे पाळणाऱ्यांचं. तसं बार्तोज्ये हे मधवाल्यांचं. म्हणून हे आडनाव म्हणजे बाईंचे पूर्वज मध काढायचे असं नाही, मधवाल्यांच्या नावाच्या गावाशी त्यांचा संबंध होता एवढंच सांगता येतं. नुसतं बार्तोजेय असं पण आडनाव आहे, ते मात्र सरळ धंद्यावरून.

आणि एक, बार्तोशेव्स्की, बार्तकोव्स्की ही दिसायला सारखी पण ती बार्तवोम्येय या माणसाच्या नावावरून, म्हणजे बायबलमधला बार्थोलोम्यू. त्यांच्यात मध शोधू नका.

तेरणाकाठ:
छान माहिती. पण दादांचा मूळ प्रश्न राहिलाच की, आडनाव दुर्मिळ असेल तर सगळे एकाच मुळातले ना? मला तरी तसंच वाटायलंय.

परभणीकर_पोलंडात:
ताई, तिथंच सगळी गोम आहे. बार्तोज्ये नावाचं एकच गाव असतं तर मान्य केलं असतं. एक बिदगोश्च शहराच्या पोटात आहे, आता तो तिथला एक भाग झालाय, एक राडोमकडं, राडोम्स्को शहराजवळ आहेत, वांग्रोव्येत्सकडं आहे. आपल्याकडं पिंपळगाव किती आहेत? जालन्यातला पिंपळगावकर आणि नांदेडचा पिंपळगावकर एकमेकांचे कोण? तसंच. दोनशे किलोमीटर लांबच्या दोन गावांतून दोन घरं निघाली, दोघांनी स्की लावलं, आडनाव एक झालं, रक्ताचा संबंध शून्य. आडनाव कमी लोकांचं आहे म्हणून शोधायला सोपं जातं हे खरं, पण नातं त्यावरून ठरत नाही.

किती लोक ते बघायचं असेल तर इथलं सरकार दरवर्षी आडनावांची यादी फुकट टाकतं, पेसेल नावाचं रजिस्टर आहे, आपल्या आधारसारखं, त्याच्यातून काढलेली. पुरुषांची फाइल वेगळी, बायकांची वेगळी, दोन्हीतले आकडे मिळवायचे. सगळ्यात वर नोवाक, दोन लाखांच्या आसपास, त्याच्याखाली कोवाल्स्की म्हणजे लोहाराचं. बार्तोजेय्स्की लई खाली सापडेल. पण ती यादी आज जिवंत असलेल्यांची, वळिवड्याहून इंग्लंड-कॅनडाला गेलेल्यांची पोरंबाळं त्यात धरलेली नसतात. कुठल्या भागात हे आडनाव जास्त होतं ते बघायला काझिमेझ रिमुत यांचा दहा खंडांचा आडनावांचा कोश आहे, १९९२ ते ९४ मध्ये आलेला, त्यात तेव्हाच्या प्रांतांप्रमाणे आकडे आहेत.

आणि त्या गावाचं नाव रुव्ने, आता ते युक्रेनमध्ये आहे. यू आर म्हणजे उरोजोना, जन्म. म्हणजे १९१४ ला रुव्नेत जन्म.

कोल्हापूर_माहेर_लातूर_सासर:
माझं माहेर कोल्हापूर, म्हणून दोन शब्द. वळिवड्याला १९४३ ते ४८ साधारण पाच हजार पोलिश लोक होते, जास्त करून बाया, मुलं आणि म्हातारी माणसं. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं गावच वसलं होतं. हे लोक पोलंडच्या पूर्व भागातले, तो भाग १९३९ ला सोव्हिएतनं घेतला आणि १९४० च्या फेब्रुवारीपासून घरंच्या घरं उचलून मालगाडीत घालून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेली. १९४१ च्या जुलैत पोलंड आणि सोव्हिएतमध्ये सिकोर्स्की-मायस्की करार झाला तेव्हा सुटका, मग अँडर्स या पोलिश जनरलच्या फौजेबरोबर १९४२ ला इराण आणि तिथून इकडं. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी मुलांसाठी कॅम्प काढला होता तो वेगळा. आमच्याकडं महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, कधी आलात तर बघा.

तुमच्या बापूंसारखी भाजी, दूध, किराणा पोचवणारी माणसं होती म्हणून ती वस्ती चालली, आणि त्यांची नावं कुठंच लिहिलेली नसतात. हे पुस्तक म्हणूनच मोलाचं आहे.

तेरणाकाठ:
म्हणजे आडनाव पश्चिमेकडच्या नाहीतर मधल्या पोलंडच्या गावाचं आणि बाई जन्मल्या पूर्वेला? मधे साडेतीनशे ते सातशे किलोमीटर तरी असतील. हे कसं काय?

परभणीकर_पोलंडात:
बरोबर पकडलंत. त्याचं एक कारण बऱ्याच वळिवडेकरांना लागू पडतं. सोव्हिएतशी झालेल्या १९२० च्या लढाईनंतर पोलिश सरकारनं सैनिकांना पूर्वेकडं जमिनी दिल्या, त्याचा कायदा १९२० च्या डिसेंबरचा. मधल्या पोलंडमधली माणसं वोविन्यात, म्हणजे रुव्नेच्या बाजूला येऊन राहिली. १० फेब्रुवारी १९४० ला पहिल्यांदा उचलले ते हेच सैनिक-शेतकरी आणि जंगलखात्याची माणसं. पण या बाईंचा जन्म १९१४ चा, तेव्हा रुव्ने रशियन साम्राज्यात. सैनिकाची मुलगी म्हणलं तर हिशोब जुळत नाही. म्हणून दादा, एक काम करा, पानावर आडनावाच्या मागंपुढं झेड आणि डी अशी दोन अक्षरं दिसतात का बघा, पुसट असतील.

मोडी_वाचक:
मी नांदेडचा, निवृत्त. मोडी आणि उर्दू कागद वाचतो, २०२३ ला शिंदे समितीचं काम सुरू झाल्यापासून कुणबी नोंदींच्या निमित्तानं तर रोज कोणी ना कोणी पिशवी घेऊन दारात असतं. पोलिश मला येत नाही पण एक सांगतो. एकाच घराचं आडनाव खासरा पाहणीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि उर्दू कागदात तिसरं, हे मी रोज बघायलोय. कारकून कोण होता, त्याची भाषा कोणती, कानाला काय ऐकू आलं, यावर सगळं. तिकडं पण तीन राज्यं होती म्हणतात, मग स्पेलिंग एकच धरून बसू नका.

परभणीकर_पोलंडात:
काका, अगदी. १७७२, १७९३ आणि १७९५ अशी तीनदा वाटणी होऊन पोलंड नकाशावरूनच गेला तो १९१८ पर्यंत. प्रशियाच्या भागात जर्मन पद्धतीनं लिहायचे, ऑस्ट्रियाच्या भागात चर्चच्या वह्या लॅटिनमध्ये, वॉर्सा बाजूला १८०८ पासून पोलिश आणि १८६८ पासून रशियन. रुव्नेला १९१४ ची नोंद रशियन लिपीत असणार. तारीख पण जुन्या रशियन पंचांगाची, आपल्यापेक्षा १३ दिवस मागं, वाढदिवस जुळला नाही म्हणून नोंद सोडून देऊ नका. अजून जुन्या पोलिश कागदात जे च्या जागी वाय असतो, तेही टाकून बघायचं.

औसा_तालुका:
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पान आत्ता उन्हात धरून बघितलं. आडनावानंतर खरंच बारीक झेड आहे, टिंब नाही, मग डी आणि टिंब. त्याच्यापुढं कसर लागलीय, कागद खाल्लाय, शेवटची तीन अक्षरं फक्त दिसतात, एस के ए. याचा अर्थ काय?

परभणीकर_पोलंडात:
झ दोमु. म्हणजे माहेरचं. दादा, इथं सगळा शोधच फिरला. बार्तोजेय्स्का हे नवऱ्याचं आडनाव, आणि रुव्ने १९१४ हे बाईंच्या माहेरचं. दोन वेगळी घरं. म्हणजे नवरा मधल्या पोलंडमधून जमीन घेऊन आलेला सैनिक असू शकतो आणि बाई आधीपासून तिकडच्याच पोलिश घरातल्या, तसं असेल तर तेरणाकाठ ताईंचा प्रश्न सुटतो. पण हा अंदाज आहे, कागद मिळेपर्यंत अंदाजच.

जन्माच्या वहीत बार्तोजेय्स्का शोधून काही मिळणार नाही. आधी लग्न शोधायचं, १९३० च्या आसपासपासून पुढं, वोविन्यात, नवरा बार्तोजेय्स्की. तिथं माहेरचं नाव मिळालं की मग जन्म. पूर्वेकडच्या पॅरिशच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, ज्या वह्या वाचल्या त्यातल्या बऱ्याच वॉर्साला आहेत, जुन्या कागदांच्या मुख्य अर्काइव्हमध्ये, आगाद म्हणतात, आणि पुष्कळ स्कॅन फुकट बघता येतात. जन्माची नोंद १०० वर्षांनी आणि लग्नाची, मृत्यूची ८० वर्षांनी खुली होते, त्यामुळं तुमच्या दोन्ही नोंदी मुदतीत बसतात. जेनेतेका म्हणून स्वयंसेवकांनी केलेली नावांची सूची आहे ती आधी बघा, पाच मिनिटांचं काम. सोव्हिएतनं उचलून नेलेल्यांची वेगळी सूची पण ऑनलाइन आहे, त्यात बऱ्याचदा बापाचं नाव आणि जन्मवर्ष असतं, १९१४ टाकून गाळणी लावा.

फेसबुकवर सगळ्यांना मेसेज टाकू नका, आणि जिवंत माणसांची नावं इथं धाग्यात पण टाकू नका कोणी. त्याऐवजी भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची इंग्लंडमध्ये संघटना आहे, १९४२ ते ४८ हे त्यांच्या नावातच आहे, वळिवडेकरांचे नवरे-बाप अँडर्सच्या फौजेतून तिकडंच गेले म्हणून पुष्कळ घरं तिथं स्थायिक झाली. त्यांना लिहा. पत्रात आडनाव, झ दोमु, रुव्ने, १९१४, वळिवडे १९४६ आणि बापू माल घेऊन जायचे एवढं पुरे. मोजमाप शिकायच्या ते आवर्जून लिहा, घरात कुणी सांगितलेलं असेल तर तेवढ्यावरून ओळख पटेल.

कोल्हापूर_माहेर_लातूर_सासर:
पत्राचं इंग्रजी मी बघून देते, पाठवा मला.

मोडी_वाचक:
ऊन थेट पडू देऊ नका पानावर, जांभळी शाई उडते. खिडकीजवळ सावलीत ठेवून एका बाजूनं बॅटरीचा उजेड आडवा टाका आणि मोबाइलनं चार-पाच कोनातून फोटो घ्या. निबेचा दाब कागदावर राहतो, कसर लागलेल्या कडेला अजून एखादं अक्षर निघेल. पुस्तक उघडताना शिवणीवर जोर देऊ नका.

औसा_तालुका:
घेतो आज संध्याकाळीच. ताई, पत्र लिहून तुम्हाला पाठवतो. परभणीकर दादा, जेनेतेका उघडलंय, प्रांत कोणता निवडायचा, वोविन वेगळं दिसायलंय का युक्रेनमध्ये धरलंय?

परभणीकर_पोलंडात:
युक्रेन निवडा. मग लग्नं, मग आडनावाची पहिली आठ अक्षरं.