मदत हवी आहे : बाबांचं बोट पुन्हा वाकतंय

बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. उजव्या तळहातात त्वचेखाली गाठी आणि दोरीसारखा पट्टा होऊन अनामिका आणि करंगळी आत वळली होती. निदान : ड्युप्युट्रेन काँट्रॅक्चर. २०१९ मध्ये उघडी शस्त्रक्रिया करून तो पट्टा काढला. अनामिका अजून सरळ आहे, पण करंगळी मधल्या सांध्यात पुन्हा वाकली. तोंड धुताना बोट डोळ्यात जातं, नमस्काराला हात जुळत नाहीत. ते बोलत नाहीत, पण बघवत नाही.

आता तीन पर्याय समोर आहेत. सुईने पट्टा तोडणं : लहान काम, हात लवकर वापरता येतो, पण आजार परतण्याची शक्यता जास्त. पुन्हा उघडी शस्त्रक्रिया : जुन्या व्रणात नस दुखावण्याची भीती. तिसरा, पट्ट्यासोबत वरची त्वचाही काढून दुसरीकडची त्वचा लावणं.

कुणाच्या घरी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली आहे का? त्वचा लावल्यावर जखम भरायला, विशेषतः साखर असताना, किती दिवस लागले? मूठ पूर्ण वळते का? रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी किती महिने बांधली? मुंबई-पुण्यात फक्त हाताच्याच शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर माहीत असतील तर कृपया सांगा.