एक्स-रे स्वच्छ, तरी मनगटाचे दुखणे कायम : मदत हवी आहे

माझी मुलगी १७ वर्षांची असून येथे, वडोदऱ्यात, क्रिकेट खेळते. गेल्या आठवड्यात मांजलपूरला सराव करताना पॉइंटला चेंडू अडवायला तिने झेप घेतली आणि उजवा तळवा जमिनीवर टेकून, मनगट मागे वाकलेल्या अवस्थेत ती पडली. सूज बेताचीच होती. त्याच संध्याकाळी एका दवाखान्यात एक्स-रे काढला. तो स्वच्छ आहे, मनगट मुरगळले आहे, असे सांगून क्रेप बँडेज बांधून दिले आणि दुखणे थांबल्यावर खेळायला हरकत नाही, असा सल्ला दिला.

आता सूज उतरली आहे, बोटेही नीट हलतात. मात्र अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी दोन शिरांच्या मध्ये जो खळगा पडतो, नेमके तेथे दाबले की ती हात झटकन मागे घेते. डाव्या हाताला त्याच जागी तेवढेच दाबले तर काहीही होत नाही. बरणीचे फिरकीचे झाकण तिला उघडता येत नाही. या जागेच्या खाली स्कॅफॉइड नावाचे लहानसे, होडीच्या आकाराचे हाड असते आणि त्याचा अस्थिभंग सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही, हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. पुन्हा एक्स-रे काढावा की थेट एमआरआय करून घ्यावा? हाड मोडलेले निघाले तर प्लास्टर पुरते की स्क्रू बसवावा लागतो? आखाड्यांच्या या शहरात हाड बसवणाऱ्यांवर जुन्या पिढीचा मोठा विश्वास आहे, त्यामुळे सासूबाई तेल लावून मनगट चोळून घ्यायचा आग्रह धरत आहेत. तसे करणे कितपत सुरक्षित आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपण केलेले वर्णन ऐकून कोणीही आधी स्कॅफॉइडचीच शंका घेईल, आणि ती दूर होईपर्यंत हाड मोडले आहे असे धरूनच वागावे. चोळणे अजिबात नको; न सरकलेला तुकडा त्याने सरकू शकतो. क्रेप बँडेजने मनगट स्थिर राहत नाही, म्हणून आजच अंगठ्यासह आधार देणारे स्प्लिंट लावून घ्या आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एमआरआय लवकर होत असेल तर तोच उत्तम, कारण ताजा भंग त्यात सहसा सुटत नाही. ते शक्य नसल्यास पडल्यापासून १० ते १४ दिवसांनी स्कॅफॉइडसाठीच्या खास कोनांतून पुन्हा एक्स-रे काढतात. तोवर स्प्लिंट निघता कामा नये.

एवढी घाई करण्याचे कारण रक्तपुरवठ्यात आहे. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून मिळते आणि ते कोपराच्या दिशेने मागे वाहत येते. मध्येच हाड मोडले की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटण्याची भीती असते. मग हाड जुळत नाही किंवा तो तुकडा मृत होतो आणि काही वर्षांनी मनगटाला संधिवात जडतो. खेळाडू यात फसतात, कारण दुखणे मधल्या काळात कमी होते.

उपचार भंगाच्या जागेवर ठरतो. कमरेशी, म्हणजे हाडाच्या मधोमध, भंग असून तुकडे सरकले नसतील, तर बहुधा ६ ते ८ आठवडे प्लास्टर लागते, क्वचित १२ पर्यंत. मागच्या टोकाचा भंग किंवा तुकडे बरेच सरकलेले असतील तर स्क्रूकडे कल असतो. खेळाडूंना ‘लवकर मैदानात’ म्हणून शस्त्रक्रिया सुचवली जाते. तो निर्णय सावकाश घ्यावा. ब्रिटनमधील ३१ रुग्णालयांत ४३९ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कमरेचे तुकडे २ मिलिमीटरपर्यंतच सरकलेले असताना, वर्षभरानंतर शस्त्रक्रिया आणि प्लास्टर यांच्या परिणामांत फारसा फरक आढळला नाही. मात्र प्लास्टरमध्ये जे हाड जुळत नव्हते त्यावर तेथे वेळीच शस्त्रक्रिया केली जात होती, हे विसरू नये.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. उद्याच सयाजीराव रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात नेत आहोत, स्प्लिंट आत्ताच लावले. पुढच्या महिन्यात तिची निवड चाचणी आहे. अस्थिभंग निघालाच तर निदान फलंदाजी करू द्यावी का?

प्रतिसाद १

नाही. हाड जुळल्याचे डॉक्टरांनी, शक्यतो सीटी स्कॅन पाहून, सांगेपर्यंत बॅट धरू देऊ नका. त्यानंतरही आधी पकडीची ताकद डाव्या हाताच्या जवळपास यावी, मग नेटमध्ये हलके चेंडू, आणि झेप घेऊन क्षेत्ररक्षण सर्वांत शेवटी.