सोलकढीचा पेला

(कुटुंबाचा ग्रुप, इंदूर. रविवार, रात्रीचे ९)

आत्या: दादा, आज तू बरोबर केलं नाहीस. पोरीने मालवणहून आमसुलं मागवली, सकाळपासून खपून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली, आणि तू दही-भात मागितलास. सोलकढीचा पेला तसाच राहिला. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी बघितला.

वहिनी: आत्या, असू द्या ना. थोडं वाईट वाटलं खरं. बाबांना मी काही चुकीचं वाढलं का, एवढंच मनात आलं.

मी: वहिनी, तुझं काही चुकलं नाही. आत्या, काका हट्टाने खात नाहीत असंही मला वाटत नाही. आहारशास्त्र शिकताना आम्हाला हा विषय होता. माणूस सर्वभक्षी, आणि कोणतं फळ, कोणतं पान विषारी हे जन्मतः कळत नाही. म्हणून नव्या घासाकडे शंकेने बघणं कधीकाळी जीव वाचवणारं होतं. दोन ते सहा वर्षांच्या वयात ही शंका फार जोरात असते, पुढे बहुतेकांची ओसरते, काहींची राहते. मोठ्या माणसांतली ही भीती मोजायला प्लिनर आणि हॉब्डन या संशोधकांनी १९९२ मध्ये दहा विधानांची प्रश्नावली केली. शिवाय जिभाही सारख्या नसतात. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक पूड ओतत होते, ती उडाली. सोबतच्याला ती कडू लागली, फॉक्सना काहीच चव लागेना. हा फरक आनुवंशिक आहे, हे पुढे कळलं.

आत्या: जीभ वेगळी, मान्य. पण एक घोट तरी?

मोठे काका: सांगतो. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी नऊ वर्षांचा होतो. रामबागेत एका लग्नाची पंगत होती, नारळाच्या दुधातली खीर होती. वाढणाऱ्यांनी आग्रह करकरून तीन वाट्या वाढल्या, संपवल्याशिवाय उठू देईनात. त्या रात्री उलट्या सुरू झाल्या. चार दिवसांनी डोळे पिवळे पडले, कावीळ निघाली. खिरीचा काही दोष नव्हता, हे मलाही कळतं. पण आज साठ वर्षांनीही नारळाच्या दुधाचा वास आला की पोट वर येतं. सूनबाई, दही-भात मागितला तेव्हा तुझ्याकडे बघायचा धीर झाला नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

वहिनी: बाबा 🙏

मी: काका, अगदी हेच मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांवर दाखवलं. गोड पाणी पिताना त्यांना किरणोत्सर्ग दिला. आजारी पडले ते किरणांमुळे, पण नंतर त्यांनी टाळलं ते गोड पाणी. एकदाच झालेला त्रास पुरतो, आणि बसलेला तिटकारा मनाला पटवून जात नाही.

काकू: हे मलाही आजच कळतंय! आता माझं ऐका. मी नागपूरहून लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी पोह्यांवर शेव, जिरावन मसाला आणि त्याच बशीत जिलबी. घास घशाखाली उतरेना. गराडूला, म्हणजे इकडच्या त्या तळलेल्या कंदाला, तर तीन हिवाळे लागले. सासूबाईंनी तो माझ्या पानात एकदाही वाढला नाही. कढईशेजारी मला बसवायच्या, बटाट्याच्या फोडी माझ्यासाठी वेगळ्या तळायच्या आणि ताटली मध्ये ठेवायच्या. चौथ्या थंडीत मीच एक फोड उचलली, वर लिंबू पिळलं. आता डिसेंबर लागला की मीच सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत चला म्हणते.

मी: आजीने केलं तेच योग्य. पदार्थ पुन्हा पुन्हा समोर यावा, शेजारी ओळखीचं काही असावं, आणि खाल्लं की नाही हे कोणी बघत बसू नये. लहान मुलांना नवी चव रुळायला बरेचदा आठ-दहा वेळा चाखावी लागते. दामटून खायला घातलं तर नावड पक्की होते. काकांचं बाकी जेवण चौरस आहे, काळजी नाही. वजन उतरत असतं किंवा खाणं दोन-तीन पदार्थांवर आलं असतं, तर मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं असतं.

आत्या: दादा, मघाशी जास्त बोलले. मला हे माहीत नव्हतं रे.

वहिनी: बाबा, पुढच्या रविवारी नारळाचं दूध न घालता नुसतं आमसुलाचं सार करू? तुपात जिऱ्याची फोडणी देते. सोलकढी आम्ही आत स्वयंपाकघरात पिऊ.

मोठे काका: आत कशाला, सगळ्यांबरोबरच बसा. माझ्यापासून दोन पानं पलीकडे पेला ठेवा म्हणजे झालं. सारात गूळ जरा जास्त घाल. आणि त्या काळ्या वाटाण्याच्या उसळीत नारळाचं दूध असतं का गं?

वहिनी: नाही बाबा, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण असतं.

मोठे काका: मग एक चमचा वाढ.