भाड्याच्या घरातलं हीटिंग: अनुदान कुठून, सही कोणाची?

प्रेषक: नवीन सभासद, लेस्टर

सर्वांना नमस्कार,

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात काही जणांशी बोलले होते, तोच विषय आपल्या मेल-यादीवर नीट लिहिते. आम्ही दोन वर्षांपासून एका जुन्या टेरेस्ड (शेजारच्या घरांना भिंतीला भिंत लागून असलेल्या) घरात भाड्याने राहतो. गॅस नाही, चार स्टोरेज हीटर आहेत आणि त्यातले दोन ऑक्टोबरपासून बंद आहेत. उरलेले दोन रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतात आणि दुपारपर्यंत घर ऊबदार ठेवतात. तेव्हा घरी कोणीच नसतं. चारला मुलं शाळेतून येतात तोवर ते कोमट झालेले असतात. सकाळी उठलं की पहिलं काम म्हणजे खिडक्यांच्या कडेला साचलेलं पाणी जुन्या पंचाने टिपून घेणं. गेल्या आठवड्यात मुलांच्या खोलीतलं कपाट सरकवलं, तर मागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली.

एजंटला तीन मेल केले. उत्तर आलं, "हीटिंगसाठी सरकारी ग्रँट मिळते, तुम्हीच अर्ज करा." भाडेकरूला खरंच अशी ग्रँट मिळते का? उत्पन्न एकट्या नवऱ्याच्या पगाराचं, वर्षाला तीस हजार पौंडांच्या आसपास. सासूबाईही आमच्याकडेच असतात, त्यांना दम्याचा त्रास आहे.

---

प्रेषक: ग्रंथालय सांभाळणाऱ्या काकू

अगं, आधी एजंटच्या त्या वाक्यात अडकू नकोस. त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून तुझ्या गळ्यात घातल्या आहेत.

बंद पडलेले दोन हीटर ही दुरुस्ती आहे. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टच्या कलम ११ प्रमाणे घर गरम ठेवण्याची आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्यासाठी ग्रँटची वाट पाहायची नाही. आजच एक मेल फक्त या दोन हीटरबद्दल पाठव: कधी बंद पडले, आधी कधी कळवलं होतं, घरात कोण कोण आहे. भिंतीचा फोटो जोड. सासूबाईंचा दमा आवर्जून लिही. दहा-बारा दिवसांत हालचाल झाली नाही, तर काउन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाला कळव. घरातली अति थंडी ही त्यांच्या तपासणीत धोका म्हणून मोजली जाते, आणि धोका गंभीर ठरला तर काउन्सिलला कारवाई करावीच लागते.

आता ग्रँट. हो, भाडेकरूच्या घराला मिळते. आम्हाला मिळाली, म्हणून सविस्तर लिहिते.

इंग्लंडमध्ये सध्या पाहायची ती वॉर्म होम्स लोकल ग्रँट. एप्रिल २०२५ पासून ती काउन्सिलमार्फत चालते. घर खाजगी मालकीचं हवं, मग त्यात मालक राहो की भाडेकरू. घराचं ईपीसी, म्हणजे ऊर्जेच्या वापराची श्रेणी सांगणारं प्रमाणपत्र, डी ते जी (जी सर्वांत वाईट) यांपैकी हवं. कुटुंबाचं एकूण वार्षिक उत्पन्न ३६ हजार पौंडांपर्यंत असेल तर अर्ज करता येतो. काही बेनिफिट (सरकारी आर्थिक मदत) मिळत असतील किंवा घर ठरावीक पोस्टकोडमध्ये असेल तरीही चालतं. यात उत्पन्न मोजतात ते भाडेकरूचं, मालकाचं नाही. तू सांगितलेल्या आकड्याप्रमाणे तुम्ही बसता. इन्सुलेशन (ऊब बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना, छताला लावायचा थर) वगैरे कामांना १५ हजार पौंडांपर्यंत आणि हीट पंपासारख्या (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) हीटिंगला आणखी १५ हजारांपर्यंत पैसे मिळू शकतात. गॅसचा नवा बॉयलर मात्र यातून मिळत नाही.

पण मालकाच्या सहीशिवाय काहीच होत नाही. माझे पहिले दोन महिने यातच गेले. मी मालकांना "ग्रँट मिळते, परवानगी द्या" एवढंच म्हणत राहिले आणि ते "बघू" म्हणत राहिले. त्यांची तीन घरं आहेत. मग काउन्सिलच्या बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. मालकाचं पहिलं घर पूर्ण अनुदानातून होतं, त्यानंतरच्या घरांना त्याला निम्मा खर्च द्यावा लागतो. हे मी मालकांना फोनवर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः कागद घेऊन आले. तुझ्या मालकांची किती घरं आहेत ते आधी काढ.

शिवाय फार थोड्यांना माहीत असलेला एक नियम आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१६ पासून भाडेकरू अशा सुधारणांची परवानगी लेखी मागू शकतो. मालकाला आधी पैसे घालावे लागणार नसतील, तर वाजवी कारणाशिवाय त्याला नाही म्हणता येत नाही, आणि एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. उत्तरच आलं नाही तर ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) जाता येतं. पहिल्याच पत्रात ट्रायब्युनलचं नाव काढू नकोस, पण पत्राची तारीख लिहून ठेव.

---

प्रेषक: मंडळाचे माजी कार्यवाह

काकूंच्या मेलला जोडून. ईपीसी विकत घेऊ नका. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की घराचं प्रमाणपत्र फुकट दिसतं. ते १० वर्षं चालतं. एफ किंवा जी दिसलं, तर प्रकरण वेगळं आहे. एप्रिल २०२० पासून, नोंदवलेली सवलत नसेल तर, ई पेक्षा खालचं घर भाड्याने देताच येत नाही. तेव्हा ग्रँटच्या आधी तोच प्रश्न मालकाला विचारावा.

"ईसीओ४ मधून सगळं फुकट करून देतो" म्हणत दारावर कोणी आलं तर सही करू नका. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पातच सरकारने ती (ऊर्जा कंपन्यांमार्फत घरं सुधारून देणारी) योजना गुंडाळायचं जाहीर केलं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा अहवाल आला होता. सरकारी योजनांतून ज्या घरांना बाहेरून इन्सुलेशन बसवलं, त्यांपैकी ९८ टक्के घरांत मोठे दोष निघाले. म्हणजे वीस हजारांहून जास्त घरं. ओल आत अडकली की बुरशी भिंतीच्या पोटात वाढते आणि ती वर्षभर दिसतसुद्धा नाही. ठेकेदार ट्रस्टमार्क या सरकारमान्य नोंदणीतला आहे का, हे स्वतः तपासा.

---

प्रेषक: रेडिंगचा सभासद

काका, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. व्हिसाच्या अटींत "नो पब्लिक फंड्स" (सरकारी आर्थिक मदत घ्यायची नाही) असं लिहिलंय. अशा ग्रँटला हात लावला तर पुढे आयएलआरला (कायम राहण्याच्या परवानगीला) अडचण येईल का?

---

प्रेषक: मंडळाचे माजी कार्यवाह

विचारलंस ते बरं केलंस, अनेकांना ही भीती असते. बेनिफिटच्या मार्गाने मुळीच जाऊ नकोस. युनिव्हर्सल क्रेडिट, पेन्शन क्रेडिट हे बेनिफिट "पब्लिक फंड्स"च्या सरकारी यादीत स्पष्ट आहेत. ग्रँटसाठी पात्र व्हावं म्हणून कोणी बेनिफिट घ्यायला सुचवलं तर तिथेच थांब. उत्पन्नाच्या मार्गाने अर्ज करायचा असेल, तरी आधी काउन्सिलला तुझी व्हिसाची अट सांगून लेखी उत्तर घे आणि ते नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला दाखव. या मेल-यादीवरच्या आपल्यापैकी कोणाच्या "काही होत नाही रे" वर विसंबू नकोस, माझ्याही नाही.

दुरुस्तीला मात्र व्हिसाची काहीच आडकाठी नाही. बॉयलर बंद असेल तर बेधडक माग.

---

प्रेषक: कार्डिफच्या सभासद

वेल्समध्ये असाल तर अशीच नेस्ट नावाची सरकारी योजना पाहा, खाजगी भाडेकरूंनाही चालते. माझी बहीण ग्लासगोला असते, तिथे होम एनर्जी स्कॉटलंड या सरकारी सल्ला सेवेला फोन करून सुरुवात करायची. मालक स्वतः खर्च करायला तयार असेल, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममधून हीट पंपाला ७,५०० पौंड मिळतात. त्यात भाडेकरूचं उत्पन्न पाहत नाहीत. अर्ज हीट पंप बसवणारी कंपनीच करते.

---

प्रेषक: नवीन सभासद, लेस्टर

काकू, काका, खूप आभार. ईपीसी पाहिलं, ई आहे. मालकांची घरं दोन. एक मनातली भीती विचारू का? एवढं मागितलं म्हणून त्यांनी घरच खाली करायला सांगितलं तर? मुलांची शाळा इथेच आहे.

---

प्रेषक: ग्रंथालय सांभाळणाऱ्या काकू

ही भीती मलाही होती. झोप लागायची नाही.

नव्या रेंटर्स राइट्स कायद्याने कारण न देता घर खाली करायला लावणारं कलम २१ काढून टाकलं आहे. तारीख १ मे २०२६, आपला महाराष्ट्र दिन, म्हणजे विसरणार नाहीस. भाडंही वर्षातून एकदाच आणि ठरलेली नोटीस देऊन वाढवता येतं. बाजारभावापेक्षा जास्त वाटलं तर ट्रायब्युनलकडे जाता येतं. मालक घर विकायला काढू शकतो, हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. म्हणून आवाज चढवून बोलू नकोस, पण सगळं लेखी ठेव. ग्रँटमुळे भाडं वाढवणार नाही असं मालकाकडून लिहून घेता येईल का, तेही काउन्सिलला विचार.

प्रत्यक्ष काम कसं होतं तेही सांगते. आधी असेसर (घर तपासणारा) येतो, खोली न् खोली मोजतो, फोटो काढतो. आमच्याकडे आधी लॉफ्टचं (छताखालच्या माळ्याचं) इन्सुलेशन झालं, मग हीट पंप. ऊब बाहेर निसटणाऱ्या घराला हीट पंप लावला तर बिल भाडेकरूच्याच माथी येतं, तेव्हा हा क्रम सोडू नकोस. लॉफ्टमधलं सामान उतरवायला एक अख्खा शनिवार ठेव. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात नवे पंखे बसवले आणि आतले दरवाजे खालून सेंटीमीटरभर तासले. माझी आई हबकलीच, म्हणाली, "चांगले दरवाजे कापताहेत!" पण घर बंदिस्त झालं की हवा खेळायला वाट लागते, नाहीतर बुरशी परत येते. तासू दे त्यांना. पहिले काही दिवस रेडिएटरला हात लावून वाटायचं, हे तापलंच नाही. हीट पंपाचं पाणी बॉयलरइतकं कढत नसतं. तो सतत हळूहळू चालू ठेवायचा असतो. सारखा बंद-चालू करू नकोस.

मालकांना द्यायचं पत्र मी मराठीत सांगते, तू इंग्रजीत उतरव. रविवारी ग्रंथालयात ये, तिथेच बसून करू.

---

प्रेषक: नवीन सभासद, लेस्टर

रविवारचं पत्र सोमवारी दिलं. दुरुस्तीचं वेगळं, परवानगीचं वेगळं. आज मालकांचा स्वतःचा फोन आला, एजंटचा नाही. शुक्रवारी इलेक्ट्रिशियन येतोय. ग्रँटवर सही करण्याआधी त्यांना काउन्सिलच्या माणसाशी बोलायचंय, नंबर दिला आहे. उत्तराची महिन्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली. दरवाजे तासतात, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवलंय.